दोन ळ, एकच साचा

पुन्हा मोदक. खायचा नव्हे, मुंबईच्या ‘एक टाइप’वाल्यांचा फॉन्ट. सारोळ्याच्या सर्व्हिस रोडला या आठवड्यात नवा फ्लेक्स लागलाय : ‘गावरान मिसळ, सारोळे’. शेजारी कुणा दादांचा वाढदिवस, तोही मोदकमध्येच. त्यापलीकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तिला बलू फॉन्ट. गेलेल्या माणसाला इतक्या गुबगुबीत अक्षरांत निरोप! मला ‘पेंटरांचा वकील’ म्हणून पत्रं धाडणाऱ्यांनी एकदा तिथं उभं राहून यावं.

फॉन्टवर माझा राग नाही. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षर इतकं फुगवलं की त्याच्या पोटात जेमतेम केसाएवढी फट उरली. याला धाडस लागतं. पण ती फट दिसायला माणूस थांबायला हवा. नीरेच्या पुलाकडे सुसाट सुटलेल्या गाडीतून ‘मिसळ’ म्हणजे ओळीत मांडलेले लाडू.

खरा खटकतो तो ळ. मिसळमधला आणि सारोळेमधला, दोन्ही हुबेहूब. खेळकरपणाचं सोंग आणायचं आणि पुढच्याच शब्दात उघडं पडायचं.

आता गावातली जुनी पत्र्याची पाटी बघा : ‘किराणा, गूळ व पेंड – सारोळे’. पेंटरने सूत मारून शिरोरेषा आखलीय, ती आजही सरळ आहे. गूळमधल्या ळ ला ऐसपैस जागा मिळाली, म्हणून त्याची दोन्ही पोटं भरलेली. सारोळेपर्यंत येताना पत्रा संपत आला. मग दुसऱ्या ळ चं उजवं पोट दाबलं आणि वरची मात्रा मागे, रो च्या डोक्यावर निजवली. ब्रश जिथे उचलला तिथे रंगाचा बारीक ओघळ अजून आहे. त्याला कुणी खेळकर दिसायला सांगितलं नव्हतं, जागा पुरेना एवढंच. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे, तेव्हाही अक्षर त्या नाटकापुरतं जन्मायचं. 2020 मध्ये ते गेले. तेव्हा हळहळलेल्यांपैकी किती जणांनी नंतर पाटी रंगवून घेतली, हे विचारत नाही. (फ्लेक्स स्वस्त, हे मला माहीत आहे. उन्हाने दोन पावसाळ्यांत फिका पडतो, हेही.)

‘फॉन्टमध्ये हे कसं जमणार?’ हा प्रश्न दर वेळी येतो. रोमन हस्ताक्षरी फॉन्टांत शेजार बघून रूप बदलणारी अक्षरं कधीच आली. आपल्याकडे क् आणि ष जुळून क्ष होतो तोही ओपनटाइपच्या अशाच अदलाबदलीच्या नियमांनी. म्हणजे यंत्रणा तयार आहे, दुसरा ळ काढायचा कंटाळा आहे. शिवाय मोदकचा परवाना खुला आहे. त्यात भर घालायला कुणाची बंदी नाही. शिरवळ-सारोळ्याकडच्या एखाद्या पेंटरला मानधन देऊन दहा-बारा ळ काढून घ्या, पत्रा संपत आल्यावरचे.

— पाटीवाचक