‘श्री’ किती अक्षरांची?

आमच्या नातवाच्या शाळेनें सर्व पालकांस एकदम सूचना धाडतां याव्यात म्हणून आपला संगणक एका संदेश-कंपनीच्या ‘गेटवे’शीं जोडून घेतला. पहिली सूचना देवनागरींत निघाली, आणि सूनबाईंच्या फोनवर उमटलीं तीं केवळ प्रश्नचिन्हें! परीक्षेची वेळ सकाळची झाली होती. आमचा नातू दुपारीं गेला.

दोष लिपीचा नव्हे, जोडणीचा. गेटवेशीं बोलण्याची ‘एसएमपीपी’ नांवाची जी रीति आहे, तींत प्रत्येक संदेशासोबत वर्णमालेचा संकेतांक द्यावा लागतो. देवनागरीकरितां तो ८; तेथें शून्यच राहिलें होतें, आणि शून्याच्या वर्णमालेंत आपली लिपि नाहींच.

आतां खर्चाचें. एका संदेशास जागा १४० बाइटांची. रोमन अक्षर सात बिटांत बसतें, आपलें सोळा घेतें. म्हणून तीं १६० मावतात, आपलीं ७०. त्यांतहि यंत्राचें गणित निराळें. ‘श्री’स तें श, हलन्ताचें चिन्ह, र व ईकार असे चार मोजतें. ‘ज्योत्स्ना’चे आम्ही वर्ण मोजले तरी सात, यंत्र दहा म्हणतें! (माझे जुन्या वळणाचे अनुस्वारहि एकेक जागा खातात.) सत्तरावर एक चढलें कीं दोन संदेशांचे पैसे.

कार्यवाह म्हणाले, “मास्तर, इंग्रजींतच धाडूं.”

“आणि घरीं एकट्या आजीच असल्या, तर वाचावें कोणी?”

मग आम्ही ‘सर्व पालकांस सविनय कळविण्यांत येतें कीं’ हें पालुपद काढलें. ३९ जागा सुटल्या! उरलें तें असें: ‘उद्या परीक्षा सकाळी ७ वाजता.’ २८ जागा.