डस्टीचे नाव छापा

डस्टी स्प्रिंगफील्डची साठच्या दशकातली गाणी आजही नव्याने बाजारात येतात. कधी पुन्हा छापलेल्या तबकडीवर, कधी निवडक गाण्यांच्या संचात, कधी मोबाइलवर. फिलिप्स कंपनीसाठी तिने लंडनमध्ये गायलेल्या या गाण्यांवर निर्माता म्हणून जॉनी फ्रान्झ हे नाव असते. ते खोटे नाही. फ्रान्झ चांगला पियानोवादक होता, त्याचा कान तयार होता, कंपनीत त्याच्या शब्दाला वजन होते आणि त्या वजनाचा डस्टीला फायदाही झाला. पण ते नाव अपुरे आहे. बास कसा वाजला पाहिजे, तालवाद्य किती पुढे हवे, गाताना उभे कुठे राहायचे, कितव्या वेळचे गाणे ठेवायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे ठरवणारी बाई त्या गाण्यांवर केवळ गायिका म्हणून उरली आहे. ब्रिटिश सोल संगीताच्या इतिहासातली ही नोंद दुरुस्त झाली पाहिजे.

तिचे खरे नाव मेरी ओब्रायन. जन्म १६ एप्रिल १९३९ चा, लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधला. घर आयरिश वळणाचे, कॅथलिक. भावासोबत ‘द स्प्रिंगफील्ड्स’ या त्रिकुटात ती लोकगीतांच्या चालीची गाणी गायची आणि त्या त्रिकुटाला अमेरिकेतही यश मिळाले होते. १९६२ साली नॅशव्हिलला जाताना न्यूयॉर्कमध्ये मुक्काम पडला. तिथे रस्त्याने चालताना एका रेकॉर्डच्या दुकानातून ‘द एक्सायटर्स’ या गटाचे गाणे तिच्या कानावर आले. आपल्याला गायचे आहे ते हे, असे तिला त्या क्षणी उमगले. पुढच्याच वर्षी चालते त्रिकूट सोडून ती एकटी उभी राहिली. नोव्हेंबर १९६३ मध्ये तिचे पहिले स्वतंत्र गाणे आले. १ जानेवारी १९६४ ला बीबीसीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुरू केले, तेव्हा पहिल्याच भागात ती होती.

अडचण पुढे होती. सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या गायनातून निघालेले संगीत. देवापुढे गाताना जी आर्तता असते, ती तिथे प्रेमाच्या आणि विरहाच्या गाण्यात उतरलेली असते. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये किंवा मेम्फिसच्या स्टुडिओंमध्ये वादक ते अंगातच घेऊन येत. लंडनचे स्टुडिओतले वादक कसलेले होते, समोर ठेवलेले स्वरलेखन एका नजरेत वाजवणारे होते. पण त्यांची घडण नृत्यवृंदांत आणि जॅझमध्ये झालेली. मोटाउनच्या गाण्यात बास गाण्याला पुढे ढकलत नेतो, ढोलाचा ठोका छातीवर बसतो, ही गोष्ट त्यांच्यातल्या पुष्कळांनी ऐकलेलीच नव्हती. विशी ओलांडून फार दिवस न झालेली ही मुलगी वयाने आणि अनुभवाने वडील असलेल्या पुरुषांसमोर उभी राहून सांगत होती की असे नको, तसे वाजवा, पुन्हा वाजवा, अजून ते आलेले नाही. तिला स्वरलेखन वाचता येत नव्हते. जे हवे ते गाऊन दाखवायचे, ऐकवायचे आणि हट्टाने मिळवायचे, एवढाच मार्ग तिच्याकडे होता.

तिने १९६६ साली केलेल्या एका गाण्याचे उदाहरण घ्या. मूळ गाणे इटालियन. आदल्या वर्षी सान रेमोच्या संगीत महोत्सवात तिने ते ऐकले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्याची तबकडी तिने जपून ठेवली. सुमारे वर्षभराने मैत्रीण विकी विकहॅम आणि सायमन नेपियर-बेल यांनी त्यावर इंग्रजी शब्द बसवून दिले. वाद्यांचे ध्वनिमुद्रण मनासारखे झाले, पण फिलिप्सच्या स्टुडिओत तिला स्वतःचा आवाज मेल्यासारखा वाटू लागला. खोली आवाज गिळून टाकत होती. मग ती बाहेर पडली आणि इमारतीच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. ध्वनिमुद्रकाने तिथे मायक्रोफोन टांगला. दगडी भिंतींवरून परतून येणारा आवाज तिला हवा तसा होता. गाणे तिने ४७ वेळा गायल्याचे सांगितले जाते. तरीही तिचे समाधान झाले नव्हते. ते गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, अमेरिकेत चौथ्या. त्यात शेवटाकडे आवाज जो उंचावर जाऊन उघडा पडतो, तो त्या जिन्याचा आहे, आणि जिना निवडला होता गाणारीने. ध्वनिमुद्रणाची जागा निवडणे, आवाजाचा पोत ठरवणे, मनासारखे होईपर्यंत न थांबणे, या कामाला संगीतव्यवसायात निर्मितीच म्हणतात. पुरुषाने केले असते, तर त्याच्या नावापुढे तो शब्द लागला असता. डस्टीच्या नावापुढे ‘अवघड बाई’ हे शब्द लागले. तिच्याबद्दलच्या लेखांतून, आठवणींतून हे विशेषण तिचा पाठलाग करत राहिले, आणि ज्यांनी ते वापरले तेच तिच्या गाण्यांच्या झळझळीत आवाजाचे कौतुकही करत होते. हा आवाज आणि तो हट्ट एकाच माणसाचा आहे, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

हे जास्त खुपते ते यासाठी, की दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याच्या बाबतीत डस्टी कमालीची काटेकोर होती. आपण गातो ते संगीत कुणाचे आहे, हे ती कधी विसरली नाही. १९६५ च्या वसंतात मोटाउनचे कलावंत ब्रिटनच्या दौऱ्यावर आले, तेव्हा लंडनबाहेर कितीतरी ठिकाणी सभागृहे रिकामी राहिली. त्याच सुमारास ‘रेडी स्टेडी गो!’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा मोटाउनवरचा खास भाग डस्टीने सादर केला. विकी विकहॅमबरोबर तो घडवून आणण्यात तिचा पुढाकार होता. सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, मिरॅकल्स, मार्था अँड द व्हँडेलाज, चौदा वर्षांचा स्टीव्ही वंडर हे सारे तिच्यामुळे ब्रिटिश घरांत पोहोचले. तिची गाणी त्या काळी विकली जात होती. स्वतःसाठी तासभर मागितला असता तर मिळाला असता. तिने तो त्यांच्यासाठी मागितला.

त्याआधी, डिसेंबर १९६४ मध्ये, ती दक्षिण आफ्रिकेत गेली होती. गोऱ्यांचे आणि काळ्यांचे कार्यक्रम वेगळे असतील तर गाणार नाही, ही अट तिने करारात घालून घेतली होती. केपटाउनजवळ मिश्र श्रोत्यांपुढे ती गायली. वर्णभेदी सरकारने तिला देश सोडायला लावले. ब्रिटनमध्ये परतल्यावर काही खासदारांनी तिच्या बाजूने संसदेत ठराव मांडला; पण तिच्याच व्यवसायातल्या काही जणांनी, हिच्यामुळे आमचे तिकडचे दौरे अडचणीत येतील, म्हणून तिला बोल लावले. पंचविशीतल्या, नुकत्याच नावारूपाला आलेल्या गायिकेने केलेले हे धाडस आहे. तिच्या कारकिर्दीचा आढावा घेताना ते तळटीपेत ढकलले जाते, हेही बरोबर नाही.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक कंपनीसाठी ती मेम्फिसला गेली. जेरी वेक्सलर, टॉम डाउड, आरिफ मार्डिन हे तीन नामांकित निर्माते, चिप्स मोमनच्या अमेरिकन साउंड स्टुडिओतले पक्के वादक, साथीला ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’चा गायिकावृंद. एवढे सगळे हाताशी असताना ती तिथे गाऊ शकली नाही. वेक्सलरने ढिगाने गाणी पुढे ठेवली आणि तिने ती एकामागून एक नाकारली. जिथे उभे राहायचे तिथे आधी सोल गायक विल्सन पिकेट गायला आहे, हे कळल्यावर तिचा घसा आवळला. अखेर आवाज न्यूयॉर्कला जाऊन मुद्रित करावा लागला. हा प्रसंग तिच्या लहरीपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो तिच्या प्रामाणिकपणाचा वाटतो. ज्यांच्याकडून विद्या घेतली, त्यांच्या गादीवर बसून गाताना माणसाला भीती वाटली नाही, तर त्याला विद्येची किंमत कळलेली नाही. शिवाय लंडनमध्ये सगळे तिच्या हातात असे. इथे निर्णय इतरांचे होते आणि तिने फक्त गायचे होते. तिच्या घाबरण्यात याचाही वाटा असणार.

त्यातून ‘डस्टी इन मेम्फिस’ हा संग्रह निघाला. त्यातले धर्मोपदेशकाच्या मुलावरचे गाणे आधी अरेथा फ्रँकलिनला देऊ केले होते. तिने ते घेतले नाही. डस्टीने गाऊन गाजवल्यावर १९७० मध्ये तिनेही गायले. डस्टीचे हे एक गाणे दोन्ही देशांत पहिल्या दहांत पोहोचले. संग्रह मात्र पडला. अमेरिकेत तो ९९ व्या क्रमांकापलीकडे सरकला नाही, ब्रिटनच्या यादीत आलाच नाही. आज तो सोल संगीतातल्या सर्वोत्तम संग्रहांत गणला जातो आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केला आहे. त्यात डस्टी आवाज चढवत नाही. कानाशी बोलल्यासारखी गाते, श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि गोऱ्या गायिकेने काळ्यांची नक्कल केली असे एकदाही वाटत नाही. याच दिवसांत वेक्सलरला तिने एका नव्या ब्रिटिश गटाची शिफारस केली. त्यातला जॉन पॉल जोन्स तिच्या ओळखीचा वादक होता. अटलांटिकने तो गट घेतला. त्याचे नाव लेड झेपेलिन.

पुढची वर्षे वाईट गेली. १९७० मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’च्या मुलाखतीत तिने स्त्रियांविषयीचे आकर्षण उघडपणे मान्य केले. त्या काळात इतक्या प्रसिद्ध गायिकेने असे बोलणे ही मोठी जोखीम होती आणि तिने ती पत्करली. मग अमेरिकेतला मुक्काम, दारू, अमली पदार्थ, न चाललेल्या तबकड्या. १९८७ मध्ये पेट शॉप बॉइजनी तीच हवी म्हणून तिला बोलावले आणि त्यांच्यासोबत तिने गायलेले गाणे दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ चित्रपटाने मेम्फिसचे गाणे नव्या पिढीला ऐकवले. त्याच वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. ब्रिटिश सरकारचा किताब तिच्या हाती रुग्णालयात पडला. २ मार्च १९९९ रोजी ती गेली, आणि दोन आठवड्यांच्या आत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचे नाव लागले.

निर्मितीचे श्रेय तिने स्वतः कधी मागितले नाही, असा एक आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. फ्रान्झबद्दल तिला आदर होता आणि गाणेही मीच गायले, निर्मितीही मीच केली, असे बाईने म्हणणे त्या काळी शोभणार नाही, ही भीतीही होती. पण न मागितलेले देणे म्हणून ते फिटते का? जिथे मागण्याचीच चोरी होती, तिथे मागितले नाही हे न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

काळ बदलला, हे दाखवायला पुरावा आहे. दक्षिण लंडनची रे ही गायिका २०१४ मध्ये पॉलिडोर कंपनीशी चार संग्रहांच्या करारात बांधली गेली. सात वर्षे दुसऱ्यांसाठी गाणी लिहूनही तिला स्वतःचा संग्रह काढू दिला गेला नाही. जून २०२१ मध्ये तिने हे जाहीरपणे सांगितले, काही आठवड्यांत करारातून मोकळी झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या हिमतीवर संग्रह काढला. डस्टीला जाऊन बरोबर पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, २ मार्च २०२४ ला, लंडनमध्ये ब्रिट पुरस्कार दिले गेले. रेने एका रात्रीत सहा जिंकले; एवढे तोवर कुणीच जिंकले नव्हते. त्यात वर्षातल्या सर्वोत्तम गीतकाराचा पुरस्कार होता, तो त्याआधी कोणत्याही स्त्रीला मिळालेला नव्हता. गाणे लिहिणारी, घडवणारी आणि गाणारी बाई एकच असू शकते, हे ब्रिटिश संगीतव्यवसायाने भर सभेत मान्य केले. मग जी हे काम साठ वर्षांपूर्वी करून गेली, तिच्या बाबतीत मान्य करायला अडचण कसली?

फिलिप्सची ती सगळी जुनी ध्वनिमुद्रणे आज युनिव्हर्सल कंपनीच्या ताब्यात आहेत. पॉलिडोरही त्याच कंपनीच्या घरातली. डस्टीचे नाव छापण्यासाठी न्यायालयात जावे लागणार नाही, कुणाचे मानधन कापले जाणार नाही, फ्रान्झचे नाव पुसावे लागणार नाही. पुढच्या वेळी ही गाणी छापताना एक ओळ बदलायची आहे. निर्मिती : डस्टी स्प्रिंगफील्ड आणि जॉनी फ्रान्झ. युनिव्हर्सलने ती बदलावी.