फाटकवाल्यावर खापर

८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथील फाटकावर आगगाडीने शाळेच्या व्हॅनला धडक दिली. तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. फाटकवाल्याला ताबडतोब निलंबित करून अटक झाली. त्याच्या कसुरीची चौकशी अवश्य व्हावी. परंतु हे फाटक सिग्नलशी जोडलेलेच नव्हते! जोडलेले फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही. न जोडलेल्या फाटकाची सारी भिस्त स्टेशनमास्तर व फाटकवाला यांच्यातील टेलिफोनवर.

फाटक जोडावयाचे की नाही, हे रेल्वे गुणाकाराने ठरविते: दिवसभरातील गाड्या गुणिले रस्त्यावरील वाहने. ही मर्यादा २०,००० होती. अपघातानंतर ती १०,००० वर आणली गेली. म्हणजे ती उतरविणे आधीही अशक्य नव्हते. शिवाय या हिशेबात मुलांनी भरलेली बस आणि रिकामा ट्रक यांचे मोल एकच.

सर्वच फाटके पाच वर्षांत नाहीशी करावीत, असे काकोडकर समितीने २०१२ मध्ये सुचविले होते. ब्रॉडगेजवरील बिनरखवालीची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली खरी, पण कित्येक ठिकाणी पूल न बांधता नुसता माणूस बसविला गेला. अनेक फाटकांवर त्याची पाळी बारा तासांची असते, कारण सरकारी वर्गवारीत त्याचे काम ‘खंडित स्वरूपाचे’ ठरते. आठ तासांच्या कामाची मागणी रेल्वे कामगारांनी १९७४ च्या संपातच केली होती.