लाटेवरची बाई आणि आपल्या विहिरी

भोकरदनचा आणि समुद्राचा संबंध काय, असं आमच्या मागच्या बैठकीत एकीने विचारलं. तिचं काही चुकलं नव्हतं. बैठक रेशनकार्डांसाठी बोलावली होती, आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मध्येच मोबाइलवर सर्फिंगची फिल्म लावली. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं. पोर्तुगालमधल्या नाझारे या गावाजवळचा समुद्र, डोंगरासारखी उठलेली लाट, आणि तिच्या उतारावर मुंगीएवढी दिसणारी एक बाई. माया गाबेरा, ब्राझीलची. ११ फेब्रुवारी २०२० ला तिने जी लाट पार केली ती साडेत्र्याहत्तर फुटांची होती.

सत्तर फूट म्हणजे किती, हे आपल्याकडच्या बायांना समजावून सांगावं लागत नाही. विहिरीच्या खोदकामावर ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांना ते मानेने आणि कमरेने माहीत आहे. तशी एक विहीर पाण्यासकट उपसून कुणी आपल्यामागे उभी केली, आणि ती धावत आपल्या अंगावर येते आहे, अशी कल्पना करा.

फिल्म संपल्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "पडली तं?" दुसरीने विचारलं, "हिच्या घरचे काही म्हणत नाहीत का?" आणि तिसरी, जी आमच्यात सगळ्यांत जुनी कार्यकर्ती आहे, ती म्हणाली, "हे पोट भरलेल्यांचे चोचले. चला, फॉर्म काढा." फॉर्म काढले, भरले. पण ते तीन प्रश्न माझ्या डोक्यातून गेले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

"पडली तर?" याचं उत्तर आधी देते, कारण ती पडली होती. २८ ऑक्टोबर २०१३ ला याच नाझारेला तिचा पाय मोडला, अंगातलं जाकीट सुटलं, ती बेशुद्ध होऊन पाण्यावर पालथी तरंगत होती. सोबत्याने ओढून वाळूवर आणलं, छाती दाबून श्वास चालू केला. त्यानंतर पाठीच्या शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षांचं दुखणं. हा खेळ जीव घेतो, यात शंका नको. कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्स इथे १९९४ च्या डिसेंबरात मार्क फू हा नामांकित सर्फर बुडाला. नाझारेलाच जानेवारी २०२३ मध्ये मार्सिओ फ्रेरी गेला. दोघंही कसलेले होते.

नाझारेची लाट एवढी उंच का होते, तेही सांगण्यासारखं आहे. तिथे समुद्राच्या तळाशी दोनशे किलोमीटरच्या वर लांब अशी घळ आहे, आणि ती थेट किनाऱ्यापर्यंत येते. हिवाळ्यात अटलांटिकमधल्या वादळांनी उठलेलं पाणी घळीच्या खोल भागातून वेगाने येतं, बाजूच्या उथळ भागातून हळू. दोन्ही किनाऱ्याशी एकमेकांवर चढतात. या लाटेचा वेग इतका की हाताने पाणी कापत ती गाठता येत नाही, पाण्यावरच्या मोटारसायकलने ओढत न्यावं लागतं. पडलं की वरचं पाणी माणसाला खाली दाबून धरतं. वर कुठे आणि खाली कुठे तेही कळत नाही, आणि डोकं वर यायच्या आत दुसरी लाट येते.

आता दुसरा प्रश्न. घरचे काय म्हणाले मला ठाऊक नाही, पण बाहेरचे बरंच काही म्हणाले. त्या अपघातानंतर एका नामवंत पुरुष सर्फरने टीव्हीवर सांगितलं की एवढ्या लाटांत उतरण्याइतकं कसब तिच्या अंगी नाही. पुरुष वाहून जातो तेव्हा समुद्र खवळलेला असतो; बाई वाहून जाते तेव्हा तिला येत नसतं. हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही. पुढे १८ जानेवारी २०१८ ला तिने ६८ फुटांची लाट पार केली, तर तिची नोंद व्हायला महिने लागले. स्त्रियांच्या विक्रमाचा रकानाच नव्हता. तिने लोकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गिनीजने विक्रम मान्य केला. लाट अंगावर घ्यायची ती घ्यायचीच, वर अर्ज घेऊन दारोदार फिरायचं! रेशनकार्डाच्या बैठकीत हे दाखवलं गेलं, त्यात विषयांतर झालं असं मला आता वाटत नाही.

मॅव्हरिक्सची गोष्टही तशीच. तिथे १९९९ मध्ये स्पर्धा सुरू झाली, फक्त पुरुषांची. त्याच वर्षी सारा गेरहार्ट या बाईने तिथली लाट पार करून दाखवली होती. सतरा वर्षांनी, २०१६ मध्ये, बियांका व्हॅलेंटी, केआला केनेली आणि त्यांच्या मैत्रिणींनी समिती केली. किनारा सरकारी, स्पर्धेला परवाना लागतो. त्यांनी परवान्यावरच बोट ठेवलं. बायकांना जागा दिल्याशिवाय परवाना नको. नंतर बक्षिसाची रक्कम सारखी हवी हेही लावून धरलं. सप्टेंबर २०१८ मध्ये जागतिक सर्फ लीगने पुढच्या वर्षापासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस जाहीर केलं. मॅव्हरिक्सची स्पर्धा मात्र २०१९ मध्ये संयोजकांनी बंदच केली. बायकांची फेरी तिथे झालीच नाही. हवाईतल्या वायमिया खाडीतल्या मोठ्या लाटांच्या स्पर्धेत बाया पहिल्यांदा उतरल्या त्या २२ जानेवारी २०२३ ला. गंमत अशी की हवाईत जुन्या काळी बायका लाटांवर सर्रास स्वार होत. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना ते उघडं अंग आणि तो खेळ असभ्य वाटला. म्हणजे बाईला समुद्रात नवीन काही मिळालेलं नाही, काढून घेतलेलं परत मिळतं आहे.

राहिले चोचले. आमच्या त्या जुन्या मैत्रिणीचा मी मान ठेवते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोटारसायकली, जाकिटं, कंपन्यांच्या जाहिराती, हे सगळं पैशाचं काम आहे. "मी मरणाला भीत नाही" ही मर्दानी फुशारकी त्यात आहे, आणि समानता म्हणून आपल्याला तीच हवी का, हा प्रश्न मलाही पडतो. पण जोखीम फक्त पोट भरलेलेच घेतात, हे मला कबूल नाही. २०१३ आणि २०१६ च्या दुष्काळात टँकर विहिरीत रिकामा झाला की कठड्यावर कशी झुंबड उडायची, ते आपण पाहिलं आहे. एका हातात दोर, कडेवर पोर, पायाखाली ओला दगड. तेव्हा कुणी विचारलं नाही, "पडली तर?" पडली तर कागदावर ठरलेलं वाक्य असतं: पाणी शेंदताना पाय घसरला. त्यातल्या कितींचा खरोखर घसरला, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आपल्या भाषेत बाई विहीर "जवळ करते". आणि मुलगे? त्याच विहिरीत ते पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकतात, मोठे झाले की काठावरून धाडकन मुटका मारतात, आणि वर येऊन हसतात.

माझं भांडण इथे आहे. बाईच्या वाट्याला धोका भरपूर आहे, त्यातली मजा तेवढी काढून घेतलेली आहे. मजेबरोबर तयारीही गेली. माया गाबेराला कुणी बेफिकीर म्हणो, हे लोक श्वास रोखायचा सराव करतात, पाण्याखाली न घाबरता अंग सैल सोडायला शिकतात, आणि ओढून काढणारा सोबती असल्याशिवाय उतरत नाहीत. आपल्या बायका कुठल्याही तयारीशिवाय उतरतात, कारण त्यांचं उतरणं हा खेळ नाही, काम आहे.

तयारी नसल्याची किंमत मोजलेली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने पाहणी केली, तेव्हा तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये मेलेल्या बायकांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. कारणं बरीच होती, पण श्रीलंकेबद्दल त्यात एक साधी गोष्ट नोंदली आहे: पोहायला आणि झाडावर चढायला तिथे मुलग्यांना शिकवतात. त्याच श्रीलंकेत अरुगम बे इथे २०१८ मध्ये बायकांनी स्वतःचा सर्फ क्लब काढला. आपल्याकडे महाबलीपुरमची कमली मूर्ती ही मासेमारांच्या वस्तीतली मुलगी लाटांवरच वाढली. त्यांना चोचले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भोकरदनचा समुद्राशी संबंध होताच, असं इतिहास सांगतो. हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. इटलीत पॉम्पेईच्या राखेत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या गावच्या उत्खननात निघाली, आणि ती पॉम्पेईची बाईही इथेच घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावची बाई समुद्र ओलांडून गेली. पण सामान म्हणून, पेटाऱ्यातून.

ज्या आजींनी "पडली तं?" विचारलं, त्या बैठकीनंतर मागे थांबल्या. माहेरी लहानपणी त्या पूर्णा नदीत पोहायच्या, लुगड्याचा कासोटा घालून. लग्न झालं आणि पोहणं संपलं. अंग अजून विसरलं नसेल, असं म्हणाल्या.

तेव्हा आमच्या गटापुढे मी सूचना ठेवली आहे. दिवाळीच्या सुटीत विहिरींना पाणी असतं, तेव्हा दहा वर्षांवरच्या मुलींना पोहायला शिकवायचं. कमरेला दोर, पाठीला डबा, पाण्यात दोन पोहणाऱ्या, काठावर तीन बाया. कपडे काय घालायचे यावर अर्धा तास वाद झाला आणि सलवार-कुडत्यावर मिटला. सूर मारू द्यायचा की नाही यावरचा मिटलेला नाही. मी म्हणते, पोहता आलं की मारू द्यायचा, नुसतं बुडू नये म्हणून कुणी विहिरीकडे धावत जात नाही. दोन विहिरींच्या मालकांना विचारलं. एक म्हणाला, पोरींना कशाला? दुसरा म्हणाला, घरी विचारून सांगतो. त्याच्या घरची आमच्याच गटात आहे.