टाके निघाल्यानंतरचे दिवस

‘ऑपरेशन यशस्वी झाले’ हे शब्द ऐकण्यासाठी घरची माणसे देव पाण्यात घालून बसलेली असतात. ते एकदा कानी पडले की नवस फेडले जातात, पेढे वाटले जातात आणि आजारपण संपले असे सारेच धरून चालतात. वास्तविक बायपासच्या बाबतीत आजारपणाचा अर्धा रस्ता तिथून पुढेच असतो. आणि तो डॉक्टरांनी नव्हे, घराने चालायचा असतो.

रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने 1967 साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पायातील शीर वापरून हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळणरस्ता करून दिला. भारतात 1975 साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली. त्या काळी बायपास म्हणजे श्रीमंतांचा आजार होता. आज ती नाशिक-कोल्हापूरलाही होते आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबाच्या घरातही पोहोचली आहे. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु छातीचे हाड करवतीने कापून पुन्हा पोलादी तारेने बांधलेले असते आणि ते सांधायला दोन ते तीन महिने लागतात, हे किती घरांना नीट सांगितले जाते?

आमच्या थोरल्या अक्काचे बायपास झाले तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. मधुमेह जुनाच. आठव्या दिवशी घरी पाठवताना हाती काय मिळाले? गोळ्यांची यादी, तीही इंग्रजीत, आणि पुढच्या तपासणीची तारीख. तिसऱ्या आठवड्यात अंगात कणकण आली, जखम ओलसर दिसू लागली. ‘उष्णता असेल, दोन दिवस बघू,’ असे शेजारीपाजारी म्हणत होते. भाच्याची बायको मात्र कुणाचे न ऐकता तिला गाडीत घालून घेऊन गेली, म्हणून अक्का आज आहे. जंतू हाडापर्यंत गेले होते. छाती पुन्हा उघडून साफ करावी लागली आणि पाच आठवडे शिरेतून औषधे घ्यावी लागली.

मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त असतो. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, हालचाल करताना छातीच्या हाडात कटकट वाजणे यांपैकी काहीही दिसले तर एक दिवसही थांबायचे नसते. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे वाचवली म्हणून पाच आठवडे गेले.

त्यानंतर आले ते दुखणे कोणत्याच कागदावर नव्हते. अक्का भिंतीकडे तोंड करून पडून राही. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, टीव्हीवरची मालिका पाहताना डोळ्यांत पाणी येई. भेटायला येणारा जो तो म्हणे, ‘अहो, पुनर्जन्म झाला तुमचा, आता रडायचं कशाला?’ मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर मन खचणे, विसरायला होणे हे अनेकांना होते, बहुतेकांचे हळूहळू निवळते आणि न निवळल्यास त्यावर उपचार असतात. पण आपल्याकडे छातीचा व्रण पाहून हळहळणारे पुष्कळ, मनाची विचारपूस करणारा एखादाच. अक्काच्या नशिबाने अशी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली. तिने पहिल्या दिवशी पलंगापासून तुळशीपर्यंत चालायला सांगितले. नात भिंतीवर खडूने रेघ ओढी. रेघा वाढत गेल्या तशी अक्का माणसांत आली. चार महिन्यांनी ती एकटीच कोपऱ्यावरच्या मारुतीला जाऊन आली, तेव्हा सारे घर दारात उभे होते.

यातली खरी गोम वेगळीच आहे. पुरुषाचे बायपास झाले की त्याला काचेच्या भांड्यासारखे जपतात. ‘उठू नका’ म्हणतात, आणि तेही चूकच, कारण ठरवून दिलेले चालणे हेच त्याचे औषध. बाईचे झाले की महिनाभरात तिच्यापुढे परात येते. बाई आजारी पडते, पण तिचे काम आजारी पडत नाही! भाकरी थापणे, कळशी उचलणे, धुणे पिळणे या प्रत्येक कामाचा ताण त्याच न सांधलेल्या हाडावर पडतो. बायका ‘मला काही होत नाही’ म्हणतात आणि घरही ते सोयीने खरे मानते.

म्हणून मागणे फार मोठे नाही. रुग्णालयांनी घरी सोडण्यापूर्वी अर्धा तास घरच्यांना समोर बसवावे, धोक्याच्या खुणा मराठीत लिहून द्याव्यात आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा. शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम आणि समुपदेशन मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरते न राहता जिल्ह्याच्या गावी मिळावे. आणि आपण भेटायला जाणाऱ्यांनी दहा मिनिटांत उठावे, अंगात सर्दी-ताप असेल तर जाऊच नये. फळांची पिशवी नेण्यापेक्षा त्या घरची दोन वेळची पोळी-भाजी न्यावी. हृदय दुरुस्त करणारे हात निष्णात असतात, पण ते आठव्या दिवशी निरोप घेतात. पुढचे तीन महिने घरच्यांच्या हातांचे असतात, आणि त्या हातांत कामांची वाटणी व्हायला हवी.