गावरानचा भाव कोण ठरवणार, बॉस?

वीकेंडला ‘गावरान’चा बेत ठरला की आमच्या ग्रुपमधले इंजिनिअर, बँकवाले, एचआरवाले सगळे एकदम अर्थतज्ज्ञ होतात. मॉलमध्ये पॉपकॉर्नचे पैसे निमूट मोजणारी ही मंडळी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कोंबडीवाल्या मावशींना विचारतात, ‘‘सातशे? ब्रॉयलर किती स्वस्त मिळतो!’’

मिळतो ना! पण दोस्तहो, ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. गावरान पक्ष्याला दीड किलो गाठायला पाच-सहा महिने लागतात. काट्यावर वजन कळतं, दिवस कळत नाहीत.

अशाच एका मावशींसोबत बसून मी हिशेब मांडला. खुडूक कोंबडीखाली दहा पिल्लं निघाली. धान्य, लस, खुराडं मिळून समजा १,८०० रुपये. दहाने भागलं की १८०. सोप्पं!

‘‘धाच्या धा कुठं जगतेत ताई?’’ मावशी हसल्या. ‘‘एक मुंगसानं नेलं, दोन घारीनं. मानमोडी आली तर समदं खुराडंच रिकामं.’’

म्हणजे सहा जगली, तर १८०चे झाले ३००. आता मेहनत. रोज अर्धा तास धरला तर सहा महिन्यांत ९० तास, एका पक्ष्यामागे १५. तासाला अवघे २० रुपये लावले तरी आणखी ३००. झाले ६००, आणि नफा अजून शून्य! मेहनतीचा हा आकडा मावशींनी कधी धरलाच नव्हता. घरचंच काम, त्याचे कसले पैसे?

गंमत बघा, फार्मच्या अंड्यांचा प्रश्न आपल्याच राज्यात सुटू लागला. व्यापारी म्हणेल तो भाव, या जाचाला कंटाळलेले पोल्ट्रीवाले डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने एकत्र आले आणि १९८२मध्ये ‘एनईसीसी’ उभी राहिली. आजही ती रोज अंड्यांचे दर सुचवते. परसातल्या गावरान कोंबडीला मात्र असा कुणी वाली नाही. आखाडात भाव चढतो, श्रावणात गिऱ्हाईक गायब. पक्ष्याचं खाणं मात्र चालूच.

अर्थात, फेअर प्राइसचा फंडा दोन्ही बाजूंनी हवा. गिरिराज, वनराज या सुधारित जाती परसातच वाढतात, पण गावरानपेक्षा लवकर भरतात. त्या ‘अस्सल गावरान’ म्हणून खपवणं ही शुद्ध चीटिंग. जात आणि वय खरं सांगायचं, मग भाव ताठ मानेने सांगायचा.

तेव्हा यंदाच्या आखाडात घासाघीस जरूर करा. फक्त ‘केवढ्याला?’च्या आधी ‘किती महिन्यांचा?’ विचारा. उत्तर ऐकून पन्नास रुपये कमी करायला जीभ रेटली, तर तुम्ही खरे निगरगट्ट!