रोहा ते ठोकूर : एका मोठ्या कामाची हकीगत

आपल्या देशात ठरल्या दिवशी हमखास पार पडणारे मोठे कार्य कोणते, असे कोणी विचारले तर एकच उत्तर देता येईल : लग्न. मांडव उशिरा उभा राहील, आचारी ऐन वेळी रुसून बसेल, वऱ्हाडाची गाडी खोळंबेल. परंतु मुहूर्त टळला असे सहसा ऐकिवात येत नाही. तिथी एकदा निघाली की ती साऱ्या गावाला ठाऊक होते. कोणी काय पाहावयाचे हे घरातल्या घरात वाटून दिलेले असते. आणि खर्चाची पिशवी ज्याच्या हाती, तो मांडवातच उभा असतो. चार नारळ अधिक आणावयाचे तर त्याला परगावी पत्र धाडून मंजुरी मागवावी लागत नाही.

सार्वजनिक कामांची गोष्ट निराळी. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. २०२५ साल उजाडले तरी ते पुरे झालेले नव्हते. त्याच कोकणात, त्याच लाल मातीतून आणि त्याच मुसळधार पावसातून, ७४१ किलोमीटरचा लोहमार्ग मात्र सुमारे साडेसात वर्षांत तयार झाला. ते कसे घडले, हे या वेळी आपणांस सांगावयाचे आहे. त्या कामाची जी बाजू समारंभांच्या भाषणांत फारशी येत नाही, तीही सांगावयास हवी.

ज्या वाचकांनी कोकण पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पूर्वेला सह्याद्री आणि पश्चिमेला समुद्र यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात वेगाने समुद्राला मिळतात आणि दोन नद्यांमध्ये डोंगराची एकेक सोंड आडवी पसरलेली असते. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ जावयाचे म्हटले की प्रत्येक सोंड पोखरावी आणि प्रत्येक नदी ओलांडावी लागते. म्हणून या एका मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते, आणि लहानमोठे पूल मिळून संख्या दोन हजारांच्या घरात जाते. रत्नागिरीजवळचा करबुडे येथील बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. होन्नावर येथे शरावती नदीवरचा पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे.

या रेल्वेची मागणी फार जुनी. परंतु रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून दरसाल जो तुकडा वाट्याला येई, त्यावर काम गोगलगायीच्या गतीने चाले. १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले आणि तेथेच थबकले. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते. एकाचा जन्म मंगळूरचा, दुसरे राजापूरचे खासदार राहिलेले. कामाची घडीच बदलावी असे त्या वेळी ठरले आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. या मार्गाचा एकही रूळ केरळच्या हद्दीत नाही, तरीही केरळने पैसा घातला हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईस येणाऱ्या त्यांच्या माणसांची वाट किती लांबची होती, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

भागभांडवलाने सगळे भागणारे नव्हते. उरलेला पैसा बहुतांशी रोखे विकून, म्हणजे व्याजाने उभारण्यात आला. वाचकहो, या एका गोष्टीने कामाचा स्वभावच पालटतो. अनुदानावर चाललेले काम एक महिना बंद राहिले तर कोणाचेच काही बिघडत नाही. कर्जावर चाललेले काम एक दिवस बंद राहिले तरी त्या दिवसाचे व्याज चढते, आणि ते कोणाच्या तरी वहीत लिहावे लागते. घर बांधण्यास ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

महामंडळाचे प्रमुखपद ई. श्रीधरन यांच्याकडे आले. ते त्याच वर्षी रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाले होते. १९६४ च्या डिसेंबरातील वादळात पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला, तेव्हा तरुण श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला होता. ही कीर्ती त्यांच्यापुढे चालत आली. परंतु कीर्तीने बोगदे खणले जात नाहीत. त्यांनी केले ते असे की, साऱ्या मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येक सुमारे शंभर किलोमीटरांचा, आणि महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार व उडुपी अशा या विभागांवर एकेक मुख्य अभियंता नेमून त्याला निर्णयाचे अधिकार दिले. अडचण जेथे उभी राहील तेथेच तिचे उत्तर देणारा माणूस बसलेला असावा, हा त्यामागचा हेतू. मांडवात पिशवी हाती घेऊन उभ्या असलेल्या यजमानाची आठवण आपणांस येथे झाली असेल.

जमिनीचा प्रश्न पहिल्यांदा हाती घेतला गेला. बेचाळीस हजारांच्या आसपास मालकांकडून जमीन घ्यावयाची होती आणि कोकणात एकेका गुंठ्याला किती वारस निघतात हे सांगणे न लगे. १९९१ च्या मार्चमध्ये ते काम सुरू झाले आणि बहुतेक ठिकाणी वर्षभरात उरकले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी लोकांनी आपणहून दिल्या. रेल्वे यावी ही आस गावोगाव होतीच. ती नसती तर कोणत्याही अभियंत्याचे वेळापत्रक टिकले नसते. या त्यागाची नोंद कोनशिलांवर नाही, आणि ती असावयास हवी होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल हे या कामातील एक नवल. खाली ६४ मीटर खोल दरी. देशात त्या काळी एवढ्या उंचीचा दुसरा रेल्वेपूल नव्हता. इतक्या उंचीवर पाडावर पाड बांधून काँक्रीट ओतणे जवळजवळ अशक्य. तेव्हा पुलाची तक्तपोशी काठावरच, सपाट जागेवर, तुकड्या-तुकड्याने ओतावयाची, आणि प्रत्येक नवा तुकडा जोडला की मागून दाबयंत्राने सगळीच पुढे रेटावयाची, अशी युक्ती योजण्यात आली. पुढच्या टोकाला पोलादी सोंड लावलेली. ती आधी पुढच्या खांबाला टेकते आणि मागचा भार सावरते. गावातील लोक सांजसकाळ तो पूल पुढे ‘चालत’ असताना पाहावयास जमत असतील, यात नवल नाही.

कठीण खडकातील बोगद्यांसाठी स्वीडनहून नऊ जलदाब यंत्रे आणली गेली आणि तेथे काम झपाट्याने झाले. खरी कसोटी लागली ती मऊ मातीत. असे नऊ बोगदे होते. त्यांत गोव्यातील पेडणे येथील बोगद्याने सर्वांना दमवले. पाण्याने भिजलेली चिकणमाती, वर भूजलाची पातळी. दिवसभर खणावे आणि रात्री छत खाली यावे. यंत्र तेथे निरुपयोगी. हाताने, वीतवीत खणत जावे लागे. मऊ मातीच्या या बोगद्यांत चार वर्षे गेली आणि एकोणीस माणसे गेली. संपूर्ण मार्गाच्या कामात सत्तरहून अधिक जण प्राणास मुकले. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे. त्या बाजूला जाणे झाल्यास आपण ते अवश्य पाहावे.

गोव्यात आणखीही एक अडचण उभी राहिली, आणि तिला केवळ अडचण म्हणणे अन्यायाचे होईल. भरावामुळे खाजण जमिनींचा निचरा अडेल, जुनी गावे व चर्च यांना धक्का बसेल, अशी तेथील पुष्कळ लोकांची तक्रार होती. काम थांबले, १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमण्यात आला, अखेर मार्ग बहुतांशी तोच राहिला. कित्येकजण या प्रकरणाची ‘विलंब’ म्हणून बोळवण करतात. परंतु ज्याच्या शेतातून भराव जावयाचा त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास लागणारा वेळ वेळापत्रकात आरंभीच धरला पाहिजे. तो धरलेला नव्हता.

परिणामी पहिली तारीख हुकली. काम १९९४ पर्यंत पुरे व्हावयाचे होते. १९९३ मध्ये दोन्ही टोकांचे तुकडे सुरूही झाले. परंतु सलग मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी, सर्वांत शेवटी पेडण्याचा बोगदा सर झाल्यावर. व्याजासकट खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला. उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही आणि कर्जाची फेड महामंडळास पुढे पुष्कळ वर्षे जड गेली. भाडे आकारताना प्रवाशांसाठी अंतर चाळीस टक्क्यांनी वाढवून धरण्याची तजवीज होती, हे तिकीट बारकाईने वाचणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल. केवळ तारीख आणि रक्कम या दोनच मापांनी मोजले तर, वाचकहो, हे काम नापास ठरेल. परंतु मुंबई ते मंगळूर हे रेल्वेचे अंतर २,०४१ किलोमीटरांवरून ९१४ वर आले. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी, उडुपीचा उपाहारगृहवाला, केरळची परिचारिका यांना हिशोब विचारून पाहा. त्यांच्या वहीत निराळे आकडे आहेत.

तारीख डोळ्यांपुढे ठेवण्याची शिस्त श्रीधरन पुढे दिल्लीस घेऊन गेले. तेथील मेट्रोच्या कामांवर उद्‌घाटनास किती दिवस उरले हे दाखविणाऱ्या पाट्या लावलेल्या असत. तेथील पहिली गाडी डिसेंबर २००२ मध्ये धावली आणि पहिल्या टप्प्याचे सुमारे ६५ किलोमीटर २००५ अखेर पुरे झाले. ती हकीगत पुष्कळांनी लिहिली आहे. येथे तिच्यात शिरण्याचे कारण नाही.

आपल्याला जावयाचे आहे ते १९९८ नंतरच्या कोकणात. गुलाल उधळून झाला, मंडप उतरला, आणि पावसाळे येऊ लागले. डोंगर कापून केलेल्या खिंडींच्या बाजू उभ्या होत्या. कोकणच्या पावसाने त्या भिजू लागल्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीवर एक सुटीची विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्ष भरते न भरते तोच, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस मार्गावर आलेल्या शिळांमुळे घसरली. पुन्हा माणसे दगावली. ज्या मार्गाच्या बांधणीचे धडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत दिले जात होते, त्याच मार्गाकडे लोक भीतीने पाहू लागले.

यानंतर जे झाले ते बांधणीइतके चित्तवेधक नाही, आणि म्हणूनच त्यावर कोणी चित्रपट काढणार नाही. खिंडींच्या बाजू कापून उतार सौम्य केले गेले. सैल शिळा काढल्या, काही ठिकाणी पोलादी जाळ्या बसविल्या, कोठे आधारभिंती घातल्या. पावसाळ्यासाठी गाड्यांचे वेगळे वेळापत्रक ठरले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणण्याचा हुकूम चालकांना देण्यात आला. स्थानकांवर पर्जन्यमापक आले, मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आली. आणि दर पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुळांवरून गस्त घालू लागली. जून महिन्यात कोकणातून जाणारी आपली गाडी तासदोन तास अधिक घेते. सहप्रवासी कपाळाला आठ्या घालतात. त्या वेळी हे दोन जून आठवावेत.

हे सारे पहिल्या अंदाजपत्रकात किती होते? फारसे नव्हते. मोठी कामे आखणारे लोक शेवटची तारीख उद्‌घाटनाची धरतात, आणि त्यानंतरच्या चाळीस पावसाळ्यांचा पैसा व माणसे कोण देणार हा प्रश्न दुसऱ्याच कचेरीकडे जातो. कोकण रेल्वेचे दैव एवढेच की बांधणारी आणि चालविणारी संस्था एकच होती. उभ्या खिंडींचा दोष तिला दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकता आला नाही. जेथे बांधकाम एका खात्याचे आणि देखभाल दुसऱ्याची, तेथे काय होते हे आपल्या नगरातील कोणत्याही नव्या रस्त्याचा दुसरा पावसाळा आपणांस सांगेल.

पेडण्याचा बोगदा अद्यापही स्वस्थ नाही. ९ जुलै २०२४ रोजी दुपारी त्याच्या तळातून पाणी वर येऊ लागले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. रात्री वाहतूक सुरू झाली, तोच पहाटे पाणी अधिक जोराने आले. कोठे गाड्या रद्द झाल्या, कोठे शेकडो किलोमीटरांच्या वळशाने पाठवाव्या लागल्या. म्हणजे १९९८ पूर्वीचा तो जुना लांबचा प्रवास काही प्रवाशांनी त्या दिवशी पुन्हा केला. महामंडळाचे अभियंते व मजूर बोगद्यात उतरले आणि १० जुलैच्या रात्री पुन्हा गाडी त्यातून गेली, सावकाश, रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या देखत.